फोन कोणाच्या टेबलावर?

तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावर बसणाऱ्या बाईला गावातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असतात, असा लोकांचा पक्का समज होता. माझ्या सासूबाईंचासुद्धा होता. खरं तर कोणाचं बोलणं ऐकत बसायला वेळच नसायचा. एक दोरी उपसा, दुसरी खोचा, तिकिटावर वेळ टाका, मुंबईच्या ऑपरेटरशी भांडा, तोवर तिसरा दिवा लागलेला. पण एक गोष्ट त्या खुर्चीत बसून अगदी स्वच्छ कळायची. दापोलीतल्या कुठल्या कचेरीत फोन कोणाच्या टेबलावर आहे, हे मी न बघता सांगू शकत असे.

घंटी किती वेळ वाजते आणि उचलणारा काय म्हणतो, एवढ्यावरून ते समजे. कारकुनाच्या टेबलावरचा फोन लगेच उचलला जाई. साहेबांच्या टेबलावरचा वाजत राही, कारण साहेब तो स्वतः उचलत नसत. दाराबाहेरच्या स्टुलावरून शिपाई उठे, आत येई, रिसीव्हर उचलून ‘हां, कोण पाहिजे?’ विचारी, आणि साहेबांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर असलेला फोन साहेबांच्या हातात देई. तोवर मी आणि मुंबईची ऑपरेटर दोघी ताटकळत. दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा त्या फोनला हात लावणारा माणूस शिपाई, आणि त्यावरून एक शब्द स्वतःचा बोलायची मुभा नसलेला माणूसही तोच.

आधी आमच्याकडे मॅन्युअल बोर्ड होता. कुणीही रिसीव्हर उचलला की माझ्यासमोर दिवा लागायचा आणि मी नंबर विचारायचे. उचलणारा मामलेदार आहे की त्याचा पट्टेवाला, दिव्याला फरक पडत नसे. पुढे लोकल फोन ऑटोमॅटिक झाले, ट्रंक म्हणजे परगावचे कॉल तेवढे आमच्याकडे राहिले. कचेऱ्यांतून डायलचे काळे फोन आले आणि डायलच्या मागोमाग कुलूप आलं. आजच्या मुलांना सांगितलं तर थट्टा वाटते. डायलच्या भोकात बसणारं बोटाच्या पेराएवढं पितळी कुलूप असायचं, किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. येणारा फोन घेता येई, जाणारा करता येत नसे.

अर्थात कुलूप आलं तशी युक्तीही आली. डायल फिरते तेव्हा लाइनीवर नुसते ठोके जातात, एकाला एक, आठाला आठ, शून्याला दहा. तेच ठोके रिसीव्हर ठेवायची खुंटी बोटाने टिचक्या मारून दिले तरी एक्स्चेंजला फरक कळत नाही. एका कचेरीतला शिपाई (कुठल्या ते सांगत नाही, त्याची पोरं आता माझ्या ओळखीची आहेत) असा टिचक्या मारून ट्रंक बुकिंगच्या १८० नंबरावर यायचा. एक, मग आठ, मग दहा. चुकून एक टिचकी जास्त पडली की भलतीकडेच लागायचा. त्याची मागणी एवढीच असे, “ताई, भावाचा मुंबईवरनं पीपी कॉल येईल. साहेब जेवायला गेल्यावर द्याल काय?” आणि मी ते तिकीट दीडपर्यंत बाजूला ठेवत असे. पीपी कॉल म्हणजे अमुक माणूस जागेवर असेल तरच जोडायचा. तो माणूस फोनपासून दहा फुटांवर स्टुलावर बसलेला असे. तरी साहेबांच्या जेवणाची वाट बघावी लागे.

ट्रंक कॉलचे तीन वर्ग होते, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे घाई किती आहे हे कॉल करणाऱ्याच्या खिशावर ठरे. आंब्याच्या दिवसांत मुंबईचा भाव विचारायला अर्जंट कॉल जायचे, आणि बाईची प्रसूती अडलेली असली तरी घरचे लोक ऑर्डिनरी बुक करून एक्स्चेंजच्या पायरीवर बसायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे. दर छापील होते, मी लावत होते.

मग १९८४ मध्ये दिल्लीत सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था निघाली, तिची १२८ लाइनींची छोटी ग्रामीण एक्स्चेंज हळूहळू खेड्यांत पोचली. वातानुकूलित खोली लागत नसे, आमच्या दमट हवेतही यंत्र टिकायचं. त्यामागोमाग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. बूथसारखी समानता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. रात्री दर उतरले की साहेब आणि शिपाई एकाच रांगेत उभे, आणि मीटरचे लाल आकडे दोघांसाठी सारख्याच वेगाने पळायचे. कामाच्या जागी मात्र फोन पूर्वीच्याच टेबलावर होता. नोकरीभर मी ही दोन जगं शेजारी शेजारी चालताना पाहिली. बाहेर माणूस गिऱ्हाईक असतो, आत तो हुद्दा असतो.

२०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधल्या देशभरातल्या सुमारे ७८ हजार जणांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोपर्यंत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला होता, आणि टेबलाचा प्रश्न आता मिटला असं मला वाटायला हरकत नव्हती. तो किती मिटलाय ते निवृत्तीनंतर वाडीत राहायला आल्यावर दिसलं.

आमची वाडी उतारावर आहे. वर कातळाचा सडा, खाली खाडी. रेंज सड्यावर. आमच्या अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस, देशातल्या लाखो अंगणवाड्यांत असतात तशाच. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली तेव्हापासून ही जोडी आहे. दार मदतनीस उघडते, झाडते, खिचडी शिजवते, घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणते. सेविका शिकवते, वजनं घेते, नोंदी ठेवते. पोषण अभियानात सरकारने फोन दिले ते सेविकेला आणि तिच्यावरच्या पर्यवेक्षिकेला. मदतनिसाला नाही. २०२१ च्या १ मार्चला पोषण ट्रॅकर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन परत नेऊन दिले. २ जीबी रॅममध्ये ॲप चालेना, आणि ॲप इंग्रजीत. बातम्यांत ते ‘मोबाईल वापसी आंदोलन’ म्हणून आलं. मोबाईल नको म्हणणाऱ्या बायका, म्हणून काही लोक हसलेही.

मी आमच्या सेविकेला विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं ते मला अजून कुठल्याच अहवालात सापडलेलं नाही. म्हणाली, “काकू, हा फोन बोलायला नाही दिलेला. भरायला दिलाय.”

खरंच आहे. पोरांची हजेरी भरा, वजन-उंची भरा, खिचडीचा फोटो टाका. माहिती वर जाते. पण वजनकाटा बिघडलाय, तांदळाला कीड लागलीय, हे सांगायला त्यात रकाना नाही. ते सांगायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा महिन्याच्या मीटिंगची वाट. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा कॅमेऱ्यासमोर ओळखावा लागतो. पाकीट खोट्या नावावर जाऊ नये हा हेतू, त्याला कोण नाही म्हणेल? पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की बाळंतीण कडेवर पोर घेऊन सड्यावर चढते, कारण तिचा चेहरा खाली वाडीत ओळखला जात नाही. खाली तिला सगळे ओळखतात ते सोडा.

आणि मदतनीस? तिच्याकडे स्वतःचा फोन आहे, बटणांचा. निरोप येतात व्हॉट्सॲपवर, ते सेविकेच्या फोनवर. सेविका रजेवर असली की अख्खी अंगणवाडी हिच्या एकटीवर, आणि त्याच दिवशी तिला काहीच कळत नाही. एकदा तपासणी होणार म्हणून ती सकाळी सातला येऊन भिंती पुसून बसली. तपासणी पुढे ढकलल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. मी म्हटलं, कोणीतरी फोन करायचा होता तुला. ती म्हणाली, “मला कोण फोन करतंय? मी निरोपाला नाय येत.” ‘निरोपाला येत नाही’ असं तिने अगदी सहज सांगितलं, रेशनला येत नाही म्हणावं तसं.

तिथून पुढे मी लोकांचे ग्रुप बघायला लागले. निवृत्त माणसाचा धंदा. ग्रामपंचायतीचा कर्मचारी ग्रुप, शाळेचा ग्रुप, पतसंस्थेचा ग्रुप, हॉटेलवाल्यांचा, आंबा बागायतदाराने कामगारांसाठी केलेला. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने एक सोय दिली, ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने बोलायचं, बाकीच्यांनी वाचायचं. कामाच्या ग्रुपांत ती सोय इतकी लवकर आणि इतकी सर्रास वापरली गेली की जणू सगळे साहेब तिचीच वाट बघत होते. पूर्वी गावात दवंडी पिटायचे तसंच हे. फरक एवढाच, की दवंडीवाल्याला निदान रस्त्यात अडवून विचारता यायचं, बाबा रे, नक्की काय म्हणालास?

साहेबांची बाजू मला माहीत आहे. ग्रुप मोकळा सोडला की सकाळी फुलांची चित्रं, दुपारी कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीचा फोटो, आणि कामाचा मेसेज त्यात बुडून जातो. बरोबर आहे. पण पाणी सोडणाऱ्या माणसाला ‘पंपाचं बेअरिंग जातंय’ हे सांगायचं तर त्याने काय करावं? तो साहेबांना वैयक्तिक फोन करू शकतो. करतो का? फोन त्याच्या खिशात आहे, रिचार्ज त्याचाच आहे, नंबर पाठ आहे. तरी तो करत नाही, मीटिंगमध्ये असतील, जेवत असतील, कावतील. एका पाणी सोडणाऱ्यानेच मला सांगितलं, “बेअरिंग गेलं की कळवतो. जातंय म्हणून कळवलं तर म्हणतात, मग मी काय करू?” पितळी कुलूप गेलं, पण ते कुठे गेलं ते मला त्या दिवशी समजलं.

रत्नागिरीकडच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात माझी भाची कोळंबी सोलायला जाते. तिथे गेटवर फोन काढून ठेवतात. कोळंबीत मोबाईल पडू नये, हात स्वच्छ राहावेत, हे मला पटतं, माल परदेशी जातो. पण सुपरवायझरचा फोन ॲप्रनच्या खिशात असतो, आणि त्याचे हात कोणत्या साबणाचे ते मला माहीत नाही. भाचीच्या मुलाला शाळेत ताप चढला, शाळेने फोन केला, फोन लॉकरमध्ये वाजून वाजून थांबला. तिला कळलं चहाच्या सुट्टीत. कारखान्याच्या ऑफिसचा नंबर शाळेकडे का दिला नाहीस, मी विचारलं. तो नंबर कामावरच्या एकाही बाईला ठाऊक नव्हता. दाराशी भिंतीवर एक साधा फोन लावायचा, नंबर सगळ्यांच्या घरी द्यायचा, वाजला की जवळच्या बाईने ओरडून सांगायचं. खर्च महिन्याला दोन-तीनशे रुपये. चाळीस वर्षांपूर्वीची सूचना आहे, मी फुकट देते.

‘निसर्ग’ वादळाचं मात्र सांगायला हवं. २०२० च्या ३ जूनला दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि मंडणगड-दापोली पट्ट्याला त्याने चोळामोळा करून टाकलं. माझी निवृत्ती होऊन जेमतेम चार महिने झालेले. पोफळी मुळासकट आडव्या, कौलं शेजारच्या अंगणात, खांब रस्त्यावर. जिथे टॉवर उभा राहिला तिथेही वीज नाही, आणि बॅटरी-डिझेल संपलं की टॉवर म्हणजे नुसतं लोखंड. मुंबईत चाकरमानी कोरोनाने घरात कोंडलेले आणि इथे गावी आई-बाप जिवंत आहेत की नाहीत ते कळायला मार्ग नाही. लोक मला येऊन विचारत होते, “ताई, तुमची ती जुनी लाइन चालू असेल काय कुठे?” जणू मी परसात एक जपून ठेवली होती.

त्या दिवसांत मी एक अजब गोष्ट पाहिली. सगळेच फोन मेल्यावर साहेब गाडीतून उतरून चिखलातून चालत वाड्यांवर आले. कोतवालाला, आशा ताईला, मदतनिसाला उभं करून विचारू लागले, तुमच्याकडे किती घरं पडली, कोण आजारी, कुठला रस्ता बंद. आमच्या मदतनिसाने त्यांना कुठल्या घरात कोण म्हातारं एकटं आहे ते ओळीने सांगितलं, एकही कागद न बघता. साहेब वहीत लिहून घेत होते. ती बाई निरोपाला आली, आयुष्यात प्रथमच. वीज परतली, रेंज परतली, ग्रुप सुरू झाला, आणि ती पुन्हा गेली. वादळ यावं असं मला म्हणायचं नाही. पण माहिती खालच्या माणसाकडेच असते हे साहेबांनाही ठाऊक असतं, हे त्या आठवड्यात उघड झालं.

माझा मावसभाऊ कोकण रेल्वेत ट्रॅकमन होता, खेडच्या बाजूला. आमच्या घरात सगळ्यांत कमी शिकलेला, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा अधिकार असलेला. पावसाळ्यात रात्री तो रुळांवरून गस्त घालायचा. काळोख, पाऊस, डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंगमधून एकटा चालत जायचं आणि वरून माती सुटतेय का, पाणी कुठे फुटतंय का ते बघायचं. २००३ च्या २२ जूनला वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले आणि कारवारहून मुंबईला निघालेली खास गाडी त्यांवर आदळली, ५० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर या रेल्वेने पावसाळा फार गांभीर्याने घेतला. कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक कडक केलं, जोराचा पाऊस असला की वेग ताशी ४० किलोमीटरवर.

पण मला भावलं ते दुसरंच. मार्गावर साधारण दर किलोमीटरला एक सॉकेट आहे. गस्तवाला, पहारेकरी, गाडीचा चालक, गार्ड, कोणीही तिथे हँडसेट जोडून स्टेशन मास्तरशी किंवा कंट्रोलशी थेट बोलू शकतो. अलीकडे मोबाईल, वॉकीटॉकी आहेत, पण डोंगराच्या पोटात त्यांचा भरवसा नाही, सॉकेटचा आहे. आणि तेही नसेल तर? भाऊ सांगायचा, लाल दिवा आहे, फटाके आहेत. रुळ धोक्यात दिसला की गाडीच्या दिशेने पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. चाक वर चढलं की बार होतो आणि चालक ब्रेक मारतो. यासाठी आधी कोणाची परवानगी लागत नाही. राजधानी असो, आत मंत्री बसलेला असो.

मी त्याला विचारलं होतं, आणि दरड नसलीच, नुसती झाडाची सावली असली तर? तो म्हणाला, “शंका आली तर थांबव, असंच शिकवलंय. थांबवली म्हणून कोण खात नाय. नाय थांबवली तर खातात.”

एक्स्चेंजात इतकी वर्षं काढूनही मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते या वाक्यात होतं. कामाच्या जागी फोन कोणाला द्यायचा हा अर्धाच प्रश्न. वरच्याचं काम मधेच थांबवून बोलायचा हक्क कोणाला, आणि बोललेलं खोटं निघालं तर त्याची किंमत कोण मोजणार, हा उरलेला अर्धा. रेल्वेने ट्रॅकमनला सॉकेट दिलं, त्याच्याआधी कितीतरी वर्षं लाल दिवा दिला होता. आमच्या सेविकेला स्मार्टफोन दिला आणि दिवा दिला नाही. रेल्वेतही बाकी सगळं आलबेल आहे असं नव्हे. भाऊ रजेचा अर्ज तीनदा लिहायचा. पण गाडीपुरतं तरी त्यांना कळलं आहे की आधी कोणाला दिसतं.

समुद्रावर हाच प्रश्न जास्त उघडावाघडा होतो. हर्णैला मी बरेचदा जाते, लिलाव बघायला आणि जमलं तर सुरमई आणायला. बोटीवर वायरलेस सेट असतो, केबिनमध्ये, बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या हाताशी. १६ नंबरचा चॅनल संकटासाठी राखलेला. या सेटचा पल्ला फार तर २०-२५ सागरी मैल, आणि मोबाईल त्याच्या कितीतरी अलीकडेच मान टाकतो. त्यापलीकडे गेलेली बोट म्हणजे गेलेली बोट, ती परत दिसेल तेव्हा खरी.

यावर उपाय म्हणून देशात एकामागून एक तीन यंत्रं आली, आणि त्यांचा क्रम मला मोठा बोलका वाटतो. पहिलं २०१० पासूनचं, इस्रोने केलेलं संकटसूचक. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला संदेश जायचा. पण तिकडे तो पोचला की नाही हे बोटीवर कळत नसे. नुसती हाक, पलीकडून ओ नाही. मग २०१७ च्या डिसेंबरच्या तोंडावर ‘ओखी’ वादळ आलं. इशारा निघाला तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो बोटी रेंजपलीकडे होत्या. त्यांतल्या ६० हून अधिक बोटी ९०० हून अधिक मच्छीमार घेऊन भरकटत आपल्या देवगडच्या बंदरात येऊन लागल्या. तिकडे घरी आकांत, आणि माणसं इकडे सिंधुदुर्गात सुखरूप. त्या धड्यानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ आलं. उपग्रहावरून वादळाचा इशारा, मासे कुठे मिळतील त्याची माहिती, सगळं खोल समुद्रात मिळणार. पण त्यात फक्त ऐकता यायचं, उलट बोलता येत नसे. पहिल्या यंत्राला कान नव्हते, दुसऱ्याला तोंड नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलता येणारं ‘नभमित्र’ त्यानंतरचं. २०२४ च्या ३० ऑगस्टला पालघरला त्याच्या देशभरच्या वाटपाची सुरुवात झाली, एक लाख बोटींवर ते मोफत बसवायचं ठरलं आहे. मेसेज आपल्या भाषेत, मोबाईलला ब्लूटूथने जोडता येतं, संकटाचं बटण वेगळं. इतक्या हुशार लोकांनाही माणसाला ऐकू येणं आणि बोलता येणं या दोन्ही गोष्टी एकदम लागतात इथवर यायला चौदा वर्षं लागली. मग पतसंस्थेच्या ग्रुप ॲडमिनला मी काय बोलू?

केरळमधला एक अभ्यास अर्थशास्त्राच्या लोकांत प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये तो छापला. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल आला, बोटी समुद्रातूनच भाव विचारून बंदर निवडू लागल्या, आणि मासे फुकट जायचे थांबले. मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासे ४ टक्क्यांनी स्वस्त झाले. चांगलीच गोष्ट आहे. वाट्यावर काम असेल तर त्यातलं काही खलाश्यापर्यंत पोचतंही. पण आपल्याकडे कितीतरी खलाशी आता पगारी आहेत, गुहागर-बाणकोटचे आहेत तसे थेट नेपाळातून आलेलेही. पगारी माणसाला भावाचा फोन काय कामाचा? त्याला लागतो तो दुसऱ्या कारणांसाठी. हात जाळ्याच्या दोरात सापडला, पोटात कळ आली, घरी कोणी गेलं.

मागच्या हंगामात हर्णैला एका ओळखीच्या नाखव्याने मला त्याच्या बोटीवरचं नवं यंत्र कौतुकाने दाखवलं. मी जुनी खात्यातली म्हणून त्याला माझ्याविषयी थोडा आदर आहे. मी विचारलं, संकटाचं बटण कोणी दाबायचं?

“तांडेलाने.”

“आणि तांडेलच पाण्यात गेला तर?”

तो जरा घुटमळला. खलाश्यांना दाखवून ठेवलंय का, मी विचारलं. म्हणाला, “दाखवलं म्हणजे, बघितलंय त्यांनी.” नेपाळी पोरांना देवनागरी वाचता येते, मराठी मेसेज अर्धा-मुर्धा लागतोच, शिकवायला वेळ लागणार नाही, असं मी सुचवलं. त्यावर त्याने खरी अडचण सांगितली. “ताई, पोरं घाबरट. उगाच दाबलंन तर कोस्ट गार्ड धावत येणार, माझा फेरा फुकट, डिझेल-बर्फाचे पैसे कोण देणार?” मी त्याला मावसभावाची गोष्ट सांगितली, सावलीसाठी थांबवलेल्या गाडीची. त्याने ती नीट ऐकली आणि म्हणाला, “गाडी सरकारची असते हो. बोट माझी आहे, कर्जावरची.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खोट्या हाकेचा खर्च सरकारने उचलावा, विम्याने उचलावा, सोसायटीने उचलावा, असं काहीबाही मी बोलत होते. शेजारी जाळं शिवत बसलेला एक खलाशी, विशीतला पोर, इतका वेळ मान खाली घालून ऐकत होता. त्याने सुई थांबवली आणि हिंदीत विचारलं, “मालिक, वो बटन कितना देर दबाके रखने का?”

नाखव्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बघा,” म्हणाला, “आता हा रोज विचारणार.”